आमचा डीजे भाचा आणि अण्णांच्या तबकड्या

भाचा नोकरी सोडून डीजे झाला, हे वर्तमान ताईने फोनवर सांगितले तेव्हा तिचा स्वर असा काही खोल गेला होता, की मला वाटले, पोर आजारी आहे. इंजिनिअरिंगची पदवी, मुंबईत चांगली कचेरी, दर दिवाळीला मिठाईचा डबा घरपोच करणारी कंपनी. आणि हे सगळे सोडून डीजे! "आता लोकांना काय सांगू रे?" ती म्हणाली. मी तिची समजूत घालायला हवी होती. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याही डोळ्यांपुढे एक ट्रकच उभा राहिला.

बोईसरला राहणाऱ्या माणसाला डीजे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. ट्रकवर भिंतीसारखे रचलेले ध्वनिवर्धक, पुढे नाचणारी पोरे आणि मागे खोळंबलेल्या रिक्षा. गणपती असो, वरात असो, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असो, हा ट्रक आमच्या गल्लीत शिरला की खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात आणि सौभाग्यवतींच्या मांडणीवरचे डबे आपोआप सरकत कडेला येतात. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, असा २००० सालचा नियम आहे. तो मी सोसायटीच्या फलकावर स्वतःच्या हाताने लिहून लावला आहे. ट्रक काही फलक वाचत नाही! तेव्हा आपल्याच रक्ताचे पोर त्या ट्रकवर चढले, या कल्पनेने मला रात्री झोप लागली नाही.

हा भाचा गेल्या मे महिन्यात, ताईला घेऊन, चार दिवस आमच्याकडे राहायला आला. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. तिच्यात भर उन्हाचा, गर्दीत, खांद्यावर एक लाकडी खोके घेऊन हा उभा राहून आला होता. मी स्टेशनवर न्यायला गेलो होतो. मे महिना, खोके आणि भाचा म्हटल्यावर मी मनाशी हापूस धरून चाललो होतो. "मामा, हात लावू नका हं, मीच उतरवतो," असे तो म्हणाला तेव्हा तर माझी खात्रीच पटली. घरी येऊन खोके उघडले, तर आत चाळीस रेकॉर्डी! एक एलपी तिच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनासकट पाव किलोच्या आसपास भरते. म्हणजे दहा किलो गाणे याने मुंबईहून उभ्याने वाहून आणले होते.

रात्री जेवणे झाल्यावर मी विषय काढला. म्हटले, "बाबा रे, तुझा ट्रक कुठे असतो?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने आपला धंदा मला समजावून दिला, तो असा. दोन चक्र्या असतात आणि मध्ये एक पेटी. एका चक्रीवरची रेकॉर्ड लोक ऐकत असतात. त्याच वेळी दुसरीवरची रेकॉर्ड हा गडी एकट्याने, कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकत असतो. दोन्हींचे ठेके जुळावेत म्हणून एक दांडी पुढेमागे सरकवून तो दुसरीचा वेग केसाएवढा वाढवतो, नाहीतर कमी करतो. ठेका ठेक्यावर बसला, की पहिलीचा आवाज हलकेच उतरवायचा आणि दुसरीचा चढवायचा. ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. हार गुंफणारा माणूस एका फुलाचा देठ दुसऱ्याच्या पाकळीखाली लपवतो ना, तसे. नाचणारे लोक रात्रभर नाचतात आणि गाणे कुठे संपले, हे त्यांना कळतच नाही.

"पण मग तुझे त्यात काय?" मी विचारले. "गाणी दुसऱ्यांचीच ना?"

"निवड माझी," तो म्हणाला. "आणि शोध माझा."

हा शोध म्हणजे चोरबाजारातली दुकाने, रद्दीवाले, बंद पडलेल्या कचेऱ्यांचे माळे. त्याच्या जातीचे लोक जगभर आहेत आणि ते सगळेच काही उदार नाहीत. जमैका बेटावर पूर्वी रस्त्यावर ध्वनिवर्धक लावून नाच करवणारे लोक आपल्या रेकॉर्डींची लेबले खरवडून टाकीत, म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या प्रतिस्पर्ध्याला गाण्याचे नाव कळू नये. न्यूयॉर्कमध्ये कूल हर्क या डीजेने तेच काम लेबले पाण्यात भिजवून केले. हे ऐकताना मला चीज लपवणारे आपल्याकडचे खाँसाहेब आणि बुवा आठवले. माणूस सगळीकडे सारखाच!

आमचा भाचा मात्र नेमका उलट. त्याच्या मनाने घेतले, की येत्या शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलवायचे आणि खोक्यातल्या दुर्मिळ रेकॉर्डी ऐकवायच्या. नाच नाही, ट्रक नाही. रेकॉर्ड लावायची, ती कुठली, कुणाची, कशी मिळाली ते सांगायचे, बस्स. मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' नावाची मंडळी १९९० पासून हेच करीत आली आहेत. सुरेश चांदवणकरांसारख्या लोकांनी जुन्या तबकड्यांची श्रवणसत्रे भरवून, लेख लिहून, केवढा तरी ठेवा लोकांपुढे आणला. भाच्याने तिथूनच हा धडा घेतला होता. सोसायटीचा सेक्रेटरी मीच असल्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. पण 'शनिवार' हा शब्द ऐकून माझ्या पोटात उगाचच काहीतरी हलले.

त्याचे कारण अण्णा, म्हणजे आमचे वडील.

अण्णा पालघर स्टेशनात पार्सल कारकून होते. बिऱ्हाड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्या आणि पुढे ओटा. पगार तो काय असणार! पण अण्णांना गाण्याचे वेड होते, आणि मुंबईहून येणाऱ्या पार्सलांबरोबर गार्ड मंडळींच्या ओळखीने त्यांच्या तबकड्या येत. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन कुणा पारशी बागाइतदाराने घर आवरताना स्वस्तात दिलेला. दर शनिवारी संध्याकाळी तो ओट्यावर यायचा आणि आळीतली माणसे पायरीवर, अंगणात, कुंपणाला टेकून बसायची. सांधे बदलणारा पोर्टर यायचा, मास्तर यायचे, बाजार आटोपून परत निघालेल्या वाडवळणी टोपल्या खाली ठेवून थांबायच्या. अण्णा कुणाला नाही म्हणत नसत. कुणी विशिष्ट तबकडी मागितली, की "नंबर सांगा" म्हणायचे.

कारण प्रत्येक तबकडीच्या लेबलावर अण्णांनी पांढऱ्या रंगाने नंबर घातला होता. पार्सलांवर खुणा करायचा रंग आणि तोच ब्रश. 'पा.' म्हणजे पालघर, आणि पुढे आकडा. पा. १ पासून पा. १३७ पर्यंत.

पिन बदलण्याचे काम माझ्याकडे असे. आजच्या मुलांना हे माहीत नसेल, की त्या काळच्या पोलादी पिनेने एकच बाजू वाजवायची असे. तबकडी लाखेची, आणि लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली. ती भुकटी पिनेला झिजवून खाचेच्या मापाची करून घेई. तीन-साडेतीन मिनिटांत पिन आपले काम करून मोडीत निघे. तीच पुन्हा लावली तर ती तबकडीची खाच खाऊ लागे. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन. पिनांची डबी माझ्या चड्डीच्या खिशात असे आणि त्या जबाबदारीने मी आळीत ताठ मानेने फिरत असे.

असो. शनिवारी हॉलमध्ये चाळीसेक माणसे जमली. उन्हाळ्याची सुट्टी असल्याने पोरे बरीच. बोईसरची वस्ती म्हणजे सगळ्या देशाचा नमुनाच: एमआयडीसीतल्या कापडाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत कामाला आलेले उत्तर प्रदेशातले, ओडिशातले, तारापूरच्या अणुकेंद्रातून निवृत्त झालेले तमिळ, मल्याळी, आणि आम्ही इकडचे. भाच्याने दोन ध्वनिवर्धक लावले होते आणि आवाज एवढा बेताचा ठेवला होता, की पहिली दोन मिनिटे लोक 'सुरू झाले का?' असे एकमेकांना विचारत होते.

त्याने पहिली लावली ती चरणजीत सिंग यांची. हे गृहस्थ मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवीत. शंकर-जयकिशन, बर्मन पितापुत्र, सगळ्यांकडे. बास गिटार आणि परदेशी पेट्या हा त्यांचा प्रांत. १९८० नंतर सिंगापुराहून त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची काही नवी यंत्रे आणली. त्यांतले एक टीबी-३०३ नावाचे चपटे, रुपेरी डबडे. एकट्या गवयाला बास गिटारवाल्याची साथ मिळावी म्हणून केलेले, पण बास गिटारसारखे मुळीच न वाजणारे. ते कुणी घेईना; कंपनीने १९८४ साली त्याचे उत्पादनच बंद केले. चरणजीत सिंगांनी मात्र या डबड्यात एक गोष्ट हेरली. त्यातले सूर एकातून दुसऱ्यात घसरत नेता येतात, म्हणजे आपली मींडच की! त्यांनी विचार केला, सध्या सगळीकडे डिस्कोचा ठेका आहे. तबल्याला सुट्टी द्यावी, ठेका यंत्राला धरू द्यावा आणि वर राग वाजवावेत. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहा राग, एक एलपी, साल १९८२. एचएमव्हीने ती काढली, आणि ती पडली.

पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेत शिकागोच्या काही तरुणांनी तेच टाकाऊ डबडे जुन्या बाजारातून उचलले, त्याच्या कळा हव्या तशा पिळल्या आणि त्यातून जे निघाले त्याने जगातले नाचघर बदलून गेले. त्याला ॲसिड हाउस म्हणतात. (नाव वाईट आहे, कबूल. आमच्या एमआयडीसीत ॲसिड हाउस म्हणजे गोदाम.) त्या पोरांना चरणजीत सिंगांचे नावही ठाऊक नव्हते आणि यांना त्यांचे. पुढे २००२ साली एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात ती विसरलेली एलपी मिळाली. ऐकून तो थक्क झाला, त्याने मुंबईत येऊन चरणजीत सिंगांना शोधून काढले आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. त्यानंतर सत्तरी ओलांडलेला हा माणूस युरोपातल्या रंगमंचांवर जाऊन तेच राग, त्याच यंत्रांवर, नातवंडांच्या वयाच्या पोरांपुढे वाजवून आला. २०१५ साली ते वारले. शेवटची चार-पाच वर्षे तरी त्यांच्या वाट्याला आली, ती एका माणसाने एक रेकॉर्ड उलटून पाहिली म्हणून.

भाच्याने भैरव लावला. खालून ते डबडे घुमू लागले: एकच पट्टी, पुन्हा पुन्हा, नाकातून काढलेल्या स्वरासारखी, घसरत, वळत. आमच्या शेजारच्या नानांनी यंत्रातला भैरव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. पण दाराशी उभा असलेला आमचा रखवालदार आत आला. हा वारली गडी, चिल्हार फाट्याच्या अलीकडच्या एका पाड्यावरचा, एरवी चार शब्द बोलायचा नाही. तो भाच्याला म्हणाला, "दादा, ह्यो तारपा कुठला?"

हॉलमध्ये हशा पिकला. भाचा मात्र हसला नाही. त्याने रेकॉर्ड थांबवली आणि त्याला पुढे बोलावले. मग पुढची दहा मिनिटे सभा रखवालदाराच्या ताब्यात होती. तारपा वाळवलेल्या भोपळ्याचा करतात, त्याला खाली दोन नळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा दम तोडत नाही; गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत तो वाजवतच राहतो. भात पिकले, दिवाळी जवळ आली, की पाड्यावर तारपा निघतो. नाचणारी माणसे एकमेकांना धरून त्याच्याभोवती वळत राहतात, आणि तारपकऱ्याकडे कुणी पाठ करीत नाही. हे सांगताना तो गडी हातांनी वळसे दाखवीत होता. भाच्याने टेबलावरची रेकॉर्ड उचलून त्याच्यासमोर धरली, म्हणाला, "बघा, हिच्यावरपण वळसाच आहे. बाहेरून आत एकच रेघ जाते." डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तारपा नाचाचा जो वळसा कागदावर आणि कापडावर काढून जगभर नेला, तो आमच्या हॉलच्या भिंतीवरही कुणा रंगाऱ्याने उतरवलेला आहे. चाळीस माणसे माना वळवून भिंतीकडे पाहू लागली. मी बारा वर्षे त्या हॉलमध्ये सभा घेतो आहे, पण ते चित्र मी त्या दिवशी पाहिले.

दुसरी रेकॉर्ड अहमदाबादची. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत गीता साराभाई यांच्या पुढाकाराने डेव्हिड ट्यूडर हा अमेरिकन संगीतकार आला आणि त्याने मूग नावाचे विजेवर स्वर निर्माण करणारे यंत्र बसवले. साल १९६९. पुढची तीनेक वर्षे तिथे काही भारतीय तरुणांनी त्या यंत्रावर प्रयोग केले. मग सगळे थांबले आणि फिती संस्थेच्या दप्तरात पडून राहिल्या. पॉल पर्गस या इंग्लंडच्या कलावंताला त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांच्यातल्या निवडक रचनांची रेकॉर्ड निघाली. ऐकायला म्हणाल, तर सौभाग्यवतींच्या मते मिक्सर बिघडला होता. पण अणुकेंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकदम सरसावून बसले. तारापूरचे अणुकेंद्र सुरू झाले तेही १९६९ सालीच, ऑक्टोबरात. "आमच्या कंट्रोल रूममध्ये असेच वाजायचे," असे ते हळूच म्हणाले, आणि पुढची सगळी रेकॉर्ड त्यांनी डोळे मिटून ऐकली. मुंबईहून अहमदाबादला जाणाऱ्या एकाच रुळावर, त्या एकाच वर्षी, देशाने दोन नवी यंत्रे सुरू केली होती. एकाची वीज घरोघर आली. दुसऱ्याचा आवाज यायला पन्नासहून जास्त वर्षे लागली.

मध्ये केसरबाई केरकरांची गोष्ट झाली. ती काहींना ठाऊक असेल. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी अंतराळात पाठवली. तिच्यात भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे. पण ती निवडल्यावर आयत्या वेळी रेकॉर्डच मिळेना! शेवटी ॲन ड्रुयान या बाईंना न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर, विजेच्या उपकरणांच्या एका भारतीय दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. आपले गाणे कुणी परस्पर ध्वनिमुद्रित करू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या केसरबाई. आणि त्यांचा सूर आज पृथ्वीपासून दोन हजार चारशे कोटी किलोमीटरांच्याही पलीकडे चालला आहे. यान सुटले त्याच महिन्यात, सप्टेंबरात, केसरबाई गेल्या. पोरांना ही गोष्ट फारच आवडली. एकाने विचारले, "टेबलाखाली कुणी बघितलेच नसते तर?"

मग भाच्याने कापडात गुंडाळलेली एक तबकडी काढली आणि ती वाजवायला दुसरे यंत्र लावले. मिनिटाला ७८ फेऱ्यांची, काळी, जड. ताई एकदम सावरून बसली. मी ओळखली. पा. ५२. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी. लहानगे भीमसेन जोशी गदगच्या एका दुकानात जिच्या सुरांनी खिळून उभे राहिले आणि पुढे गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, ती. ताईच्या लग्नात अण्णांनी ही एकच तबकडी तिच्या ट्रंकेत घातली होती.

"माझी सुरुवात हिच्यापासून झाली," भाचा लोकांना सांगू लागला. "आईकडे ही होती, पण वाजवायला काही नव्हते. मी नुसती खिडकीशी धरून तिच्या रेघा बघायचो. हिच्यासाठी पहिले यंत्र घेतले, मग यंत्रासाठी रेकॉर्डी." आणि त्याने ती लावली. खरखर आली, आणि खरखरीतून खाँसाहेबांचा तो बारीक, टोकदार सूर. माझा हात नकळत खिशाकडे गेला.

संपल्यावर तोच मघाचा पोरगा उठला. "नंबर बावन्न आहे, तर बाकीच्या कुठे आहेत?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. ताईने पाहिले. आणि मी गेली तीस वर्षे जे सांगत आलो तेच त्या चाळीस माणसांसमोर सांगितले: पालघरचे घर सोडले त्या वर्षी कौले फुटली, पाऊस आत आला आणि सगळ्या भिजून वाया गेल्या.

रात्री खोके भरताना भाचा, मान वर न करता, म्हणाला, "मामा, लाख पाण्यात विरघळत नाही."

मी गप्प. मग तोच पुढे म्हणाला, "लेबल सुटेल. तबकडी तशीच राहते."

तेव्हा मी त्याला सांगितले. अण्णा १९८८ मध्ये गेले. १९९४ मध्ये बोईसरला ही जागा घेतली. दोन खोल्या, वर मुलांची दप्तरे, हप्ते. घरात कॅसेट वाजत होती, टेलिव्हिजन होता. तबकड्यांचे दोन पेटारे ठेवायला जागा नव्हती, आणि खोटे कशाला बोलू, मला त्या नकोही होत्या. पालघरच्या अंगणात भंगारवाला बोलावला. त्याने कर्णा तागडीत घातला, पितळेचे पैसे बरे आले. तबकड्यांना तो नगाला आठ आणे म्हणाला. एकशे छत्तीस नग, अडुसष्ट रुपये. मी घासाघीसही केली नाही. हातगाडी पाचबत्तीच्या दिशेने गेली आणि मी घराला कुलूप घातले. त्या पैशांतून मुलांना काहीतरी खाऊ आणल्याचे आठवते. काय आणले, ते आठवत नाही.

भाचा रागावेल असे वाटले होते. तो म्हणाला, "मला अंदाज होता." अकरा वर्षे तो चोरबाजारात, वसईत, सुरतेला, जिथे जिथे लाखेच्या तबकड्यांची चळत दिसेल तिथे बसून एकेक उलटून लेबलावर पांढरा आकडा आहे का, ते बघत आला आहे. एकही मिळालेली नाही. इतर दुर्मिळ रेकॉर्डी, ज्यांच्यामुळे त्याचे चार ठिकाणी नाव झाले, त्या या शोधात हाताला लागलेल्या.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी निघताना मी तिची पिशवी उचलली, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

भाच्याने जाता जाता मला एक वही दिली. म्हणाला, "आठवेल तसे लिहा. नंबर आठवला तर नंबर, गाणे आठवले तर गाणे." मला वाटले होते, दहाबारा आठवतील. पण पिन बदलणाऱ्याच्या हाताची आठवण निराळी असते, डोळे मिटले की लेबल दिसते. पा. ३ बालगंधर्व. पा. ७ सुंदराबाई. पा. १९ मास्तर दीनानाथ, कडेला टवका उडालेली. पा. २८ ही वडाळ्याच्या 'यंग इंडिया' कंपनीची, अण्णांना तिचे फार कौतुक, मुंबईचा स्वदेशी माल म्हणून. जी. एन. जोशींची 'शीळ', नंबर आठवत नाही, पण ती मागायला मास्तर दर शनिवारी हात वर करायचे. श्रावण लागेपर्यंत वहीत एकोणचाळीस झाल्या.

आणि मग एका रात्री अकराच्या सुमाराला ताईचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "एकसष्ट नंबर हिराबाईंची होती," ती म्हणाली. "तू नारायणराव व्यास लिहिले आहेस म्हणे. खोडून टाक." आणि फोन ठेवला. त्यानंतर आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो. आता वहीत चौसष्ट आहेत. भाच्याने ती यादी आपल्या ओळखीच्या संग्राहकांना पाठवली आहे.

म्हणून या अंकाच्या वाचकांना एक विनंती. दिवाळीची आवराआवर नुकतीच झाली असेल, माळे उतरले असतील. कुणाकडे लाखेची जुनी तबकडी निघाली, तर लेबल जरा उजेडात धरून पाहावे. पांढरा रंग, रेल्वेच्या पार्सलावर असते तसे जाड अक्षर, आधी 'पा.' आणि पुढे आकडा. मी ती परत मागणार नाही. ज्याची त्याने ठेवावी. एकदा वाजवून दाखवावी. पिन मी घेऊन येईन.